यादीतून गळालेली माणसे

‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा.’ मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारला, तरी उत्तर बिनचूक येते : साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा साराजेव्हो येथे झालेला खून. मीही हे असेच पाठ केले होते. एका मुद्द्याला एक गुण. पुढे बरीच वर्षे त्या यादीकडे मी यादी म्हणून पाहिलेच नाही. गोदावरीच्या उपनद्यांची नावे असावीत तशी ती मला निसर्गातच असलेली गोष्ट वाटत होती. यादीला कर्ता असतो, तारीख असते, ती करण्यामागे काही गरज असते, हे ध्यानात यायला फार उशीर लागला.

आपल्याकडे महायुद्ध म्हटले की ते बहुधा दुसरे असते. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंब्यांचे ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ वाचून वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला पहिले महायुद्ध दुसऱ्याची प्रस्तावना वाटत आले. प्रस्तावना कोण बारकाईने वाचतो? त्यामुळे शाळेतली ती यादी मनात तशीच अबाधित राहिली. तिला पहिला धक्का बसला तो सिडनी ब्रॅडशॉ फे या अमेरिकन इतिहासकाराचे महायुद्धाच्या उगमावरचे दोन खंड चाळताना. हे पुस्तक १९२८ सालचे. पहिल्या खंडाच्या आरंभीच फे युद्धामागची मूलभूत कारणे पाच गटांत मांडतात : गुप्त करारांची व्यवस्था, लष्करवाद, राष्ट्रवाद, आर्थिक साम्राज्यवाद आणि वृत्तपत्रे. शेवटचे गाळले की उरते ती आपली यादी. आपल्या क्रमिक पुस्तकापर्यंत पोचायला तिला किती हातांतून यावे लागले असेल ते असो. पण चेहरा तोच आहे. वृत्तपत्रे मात्र वाटेत गळाली. पुस्तके लिहिणाऱ्यांना वृत्तपत्रांशी वैर नको होते, की पाठ करायला चारच मुद्दे सोपे जात होते?

१९२८ मध्ये अशा यादीची गरज कोणाला होती, हा खरा प्रश्न. व्हर्सायच्या तहावर २८ जून १९१९ रोजी सह्या झाल्या. साराजेव्होच्या खुनाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे होत होती. तहाच्या २३१ व्या कलमाने युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. नुकसानभरपाईची मागणी या कलमावर उभी होती. ते कलम ढासळले तर मागणीचा नैतिक आधारही ढासळणार, हे बर्लिनला पहिल्या दिवसापासून कळत होते. म्हणून जर्मन परराष्ट्र खात्यात केवळ युद्धदोषाच्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र विभाग निघाला, त्या प्रश्नाला वाहिलेले नियतकालिक निघाले आणि १९२२ ते १९२७ या काळात १८७१ पासूनच्या राजनैतिक कागदपत्रांचे ४० खंड प्रसिद्ध झाले. ब्रिटनने आपले खंड काढायला १९२६ मध्ये सुरुवात केली, फ्रान्सने १९२९ मध्ये. मधल्या काळात १९१४ वर काम करणाऱ्या अभ्यासकाच्या टेबलावर सर्वांत उंच ढीग जर्मन कागदांचा होता. ज्याचे दप्तर उघडे, त्याची कैफियत आधी ऐकली जाते.

फे यांच्यावर मी लबाडीचा आरोप करत नाही. ते काळजीपूर्वक काम करणारे गृहस्थ होते. ऑस्ट्रियावर त्यांनी स्पष्ट ठपका ठेवला आहे, आणि त्यांचे बरेच तपशील आजही टिकून आहेत. मला यादीचा आकार खटकतो. १९१८ च्या जानेवारीत अध्यक्ष विल्सन यांनी आपली चौदा कलमे जाहीर केली. त्यांत पहिले कलम उघड करारांचे, चौथे शस्त्रकपातीचे, पाचवे वसाहतींच्या दाव्यांचे, आणि पुढची कित्येक निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची. हीच कलमे उलटी करून ठेवून पाहावीत. उघड करार हे औषध असेल तर रोग गुप्त करारांचा. शस्त्रकपात औषध असेल तर रोग लष्करवादाचा. औषध १९१८ मध्ये ठरले होते, निदान त्याला जुळते असे दहा वर्षांनी आले. त्या दशकात युरोपला समेट हवा होता, आणि समेटासाठी दोषी माणसांपेक्षा दोषी व्यवस्था सोयीची असते. व्यवस्थेकडून कोणी भरपाई मागत नाही आणि व्यवस्थेचा कोणाला रागही येत नाही.

आता यादीतली कारणे एकेक करून तपासून पाहू. गुप्त करारांनी देश एकामागोमाग युद्धात ओढले गेले, असे आपण शिकलो. पण इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती. ऑगस्ट १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली आणि १९१५ च्या मे महिन्यात चक्क विरुद्ध बाजूने उतरली. रुमानियाही गुप्त कराराने बांधलेली होती. तीही बाजूला बसली. ब्रिटनवर तर फ्रान्सच्या बाजूने लढण्याचे कोणत्याही कराराचे बंधन नव्हते. म्हणजे ज्यांना करार मोडायचा होता त्यांनी तो मोडला आणि ज्याला नव्हता तोही लढला. साम्राज्यवादाचे म्हणावे, तर बगदाद रेल्वेवरून ब्रिटन आणि जर्मनी वर्षानुवर्षे भांडत होते खरे. पण त्या भांडणाचा मिटवामिटवीचा मसुदा १५ जून १९१४ रोजी, साराजेव्होच्या १३ दिवस आधी, दोन्ही बाजूंनी मान्य केला होता. नौदलांची स्पर्धाही १९१२ नंतर बरीच मंदावली होती. जर्मनीने पैसा भूदलाकडे वळवला होता. लेनिनने १९१६ मध्ये झुरिचमध्ये बसून साम्राज्यवादावर लिहिलेली पुस्तिका त्या युगाबद्दल बरेच काही सांगते, परंतु युद्ध १९११ मध्ये मोरोक्कोवरून का झाले नाही आणि १९१४ मध्ये सर्बियावरून का झाले, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. राष्ट्रवादाचे तेवढे खरे, निदान बाल्कनमध्ये.

याचा अर्थ यादी खोटी आहे असा नाही. लाकूड वाळलेले होते म्हणून पेटले हे खरेच. पण पेटवले कोणी, ते त्यातून कळत नाही.

पाठ्यपुस्तकांचे एक आवडते रूपक आहे. युरोप म्हणजे दारूगोळ्याचे कोठार झाले होते आणि साराजेव्होत ठिणगी पडली. मराठीत त्याचे घरगुती रूप म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. हे रूपक कॅलेंडरपुढे टिकत नाही. खून झाला २८ जूनला. ब्रिटन युद्धात उतरले ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस आहेत. दारूच्या कोठारावर ठिणगी पडल्यावर ते ३७ दिवस थांबत नाही. तेवढ्या दिवसांत फांदीला कोणीतरी करवत लावून बसले होते.

या ३७ दिवसांचा हिशेब ज्याने सर्वांत चिकाटीने मांडला तो प्राध्यापक नव्हता, पत्रकार होता. लुइजी आल्बेर्तिनी हे मिलानच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाचे संपादक. १९१५ मध्ये इटलीने युद्धात उतरावे म्हणून याच दैनिकाने जोर लावला होता. १९२५ मध्ये फॅसिस्टांनी त्यांना संपादकपदावरून घालवले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी १९१४ च्या जुलै महिन्याला दिले. सर्व देशांची प्रसिद्ध झालेली कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून, कोणती तार किती वाजता निघाली आणि किती वाजता पोचली, हे त्यांनी लावून पाहिले. तेव्हाचे जे मंत्री, राजदूत, सेनानी हयात होते त्यांना आपल्या सहकाऱ्यामार्फत प्रश्न विचारले. १९४१ मध्ये ते वारले. तीन खंड त्यांच्या मागून निघाले. यादीतून गळालेल्या पाचव्या कारणाच्या, म्हणजे वृत्तपत्रांच्या, प्रतिनिधीने उरलेल्या चार कारणांचे अपुरेपण दाखवावे याची मला गंमत वाटते. आल्बेर्तिनींच्या खंडांत ‘लष्करवाद’ नावाचे कोणी काही करत नाही. करतात ती माणसे, अमुक वाजता, अमुक खोलीत.

५ जुलैला पॉट्सडॅममध्ये कैसरने ऑस्ट्रियाच्या राजदूताला पाठिंब्याचे वचन दिले. इतिहासात ते कोरा धनादेश म्हणून ओळखले जाते. पण धनादेश मिळाला म्हणून लगेच वटवला गेला नाही. हंगेरीचा पंतप्रधान टिसा युद्धाला राजी नव्हता. त्याला वळवायला १४ जुलैपर्यंतचा वेळ गेला. आणि खून झालेला युवराज स्वतः सर्बियाशी युद्ध नको म्हणणाऱ्यांपैकी होता. सरसेनापती कॉनराड एकट्या १९१३ सालात वीसहून अधिक वेळा सर्बियावर हल्ल्याची मागणी करत होता आणि त्याला अडवणाऱ्यांत युवराज होता. ज्याच्या खुनाचा सूड म्हणून युद्ध झाले तोच जिवंत असता तर ते होणे अवघड होते. ‘तात्कालिक कारण’ या दोन शब्दांत ही गुंतागुंत कशी मावणार?

पुढचा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. सर्बियाला द्यायचा निर्वाणीचा खलिता तयार होता. परंतु फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे तेव्हा रशियाच्या भेटीवर होते. ते सेंट पीटर्सबर्गमध्ये असताना खलिता दिला तर रशिया आणि फ्रान्स जागच्या जागी मसलत करतील. म्हणून व्हिएन्नाने वाट पाहिली. अध्यक्षांचे जहाज नक्की केव्हा सुटते याची चौकशी झाली. ते तासभर उशिरा सुटणार असे कळल्यावर खलिता देण्याची वेळही तासाभराने पुढे ढकलली. २३ जुलैच्या संध्याकाळी ६ वाजता तो बेलग्रेडमध्ये दिला गेला. दहा मागण्या, ४८ तासांची मुदत.

२५ जुलैला सर्बियाचे उत्तर आले. बहुतेक मागण्या मान्य, एका कळीच्या मागणीला नकार. २८ जुलैला सकाळी कैसरने ते वाचले आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही, असा शेरा समासात मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. २९ ला झारने सर्वंकष सैन्यभरतीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर रात्री मागे घेतला, ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव याच्या आग्रहावरून पुन्हा दिला. आता झारचे मन पुन्हा पालटले तर? रशियन सेनाप्रमुखाने आधीच सांगून ठेवले होते की मग मी टेलिफोन मोडून टाकीन, म्हणजे हुकूम रद्द करायला मी कोणाला सापडणारच नाही. बर्लिनमध्ये चॅन्सेलर बेथमान-होलवेग ऑस्ट्रियाला सबुरीच्या तारा करत असताना सेनाप्रमुख मोल्टके व्हिएन्नाला घाई करा म्हणून कळवत होता. दोन्ही तारा हातात पडल्यावर ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बेर्शटोल्डला प्रश्न पडला की बर्लिनमध्ये राज्य करतो तरी कोण.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून आलेल्या तारेवरून कैसरला वाटले की ब्रिटन आणि फ्रान्स बाजूला राहतील. त्याने मोल्टकेला सांगितले की सगळे सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके म्हणाला, अशक्य. वर्षभर खपून आखलेले वेळापत्रक असे फिरवता येत नाही. ए. जे. पी. टेलर यांनी १९६९ मध्ये वेळापत्रकांनी घडवलेले युद्ध असा सिद्धान्त मांडला, त्याचे हे ठळक उदाहरण म्हणून सांगता येते. पण गोष्ट इथे संपत नाही. जर्मन सेनेच्या रेल्वे विभागाचा माजी प्रमुख जनरल श्टाब्स याला मोल्टकेचे हे उत्तर मागाहून वाचून इतका संताप आला, की सैन्य वळवता आले असते हे आकडेवारीने सिद्ध करायला त्याने १९२५ मध्ये पुस्तकच काढले. म्हणजे ‘वेळापत्रक’ नव्हे, मोल्टके नको म्हणाला. लंडनहून आलेली तार गैरसमजावर आधारलेली होती हे पुढे उघड झाले, ती गोष्ट वेगळी.

ब्रिटनचा सर एडवर्ड ग्रे यांतून सुटतो असे मला वाटत नाही. २६ जुलैला त्याने चार राष्ट्रांच्या परिषदेची सूचना केली आणि जर्मनीने ती झिडकारली, हे खरे. परंतु ब्रिटन काय करणार हे त्याने बर्लिनला स्पष्ट सांगितले तेव्हा फार उशीर झाला होता. मंत्रिमंडळाचे लक्ष महिनाभर आयर्लंडवर होते.

*

इंग्रजी वाचणाऱ्या जगाने १९१४ पाहिले ते बहुतांशी बार्बरा टकमन यांच्या नजरेतून. त्यांचे ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ १९६२ मध्ये आले. क्यूबाच्या पेचप्रसंगात अध्यक्ष केनेडी यांच्या मनात ते होते, आणि चुकून, न कळत, गैरसमजातून युद्ध होते हा धडा त्यांनी त्यातून घेतला. धडा उपयोगी पडला. कदाचित आपण सगळे त्यामुळेच आहोत. पण पुस्तक म्हणून पाहिले तर त्यात एक भले मोठे भोक आहे. ऑस्ट्रिया-सर्बियाची आघाडी टकमन यांनी मुद्दाम वगळली आहे आणि तसे आरंभीच सांगितलेही आहे. जिथे युद्ध सुरू झाले ती जागाच नसलेल्या पुस्तकात ते आपोआप सुरू झाल्यासारखे दिसले, तर नवल नाही. गद्य मात्र असे, की एकदा हातात घेतल्यावर खाली ठेवू म्हटले तरी ठेववत नाही.

आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, हॅम्बुर्गचे प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांनी जर्मनीत बाँब टाकला होता. दप्तरखान्यात त्यांना चॅन्सेलरच्या कचेरीतले एक टिपण सापडले. जिंकल्यावर जर्मनीने काय काय घ्यायचे याचा तो आराखडा होता : बेल्जियम मांडलिक, फ्रान्सचा लोहखनिजाचा प्रदेश, मध्य युरोपभर जर्मन वर्चस्वाखालचा आर्थिक संघ, मध्य आफ्रिकेत सलग वसाहत. फिशर यांचा निष्कर्ष असा, की हा देश युद्धात घरंगळला नव्हता. त्याने धोका समजून-उमजून पत्करला होता, आणि हाव १९३३ च्या आधीची आहे. गेरहार्ड रिटर यांच्यासारखे ज्येष्ठ इतिहासकार तुटून पडले. १९६४ मध्ये फिशर अमेरिकेत व्याख्यानांना जाणार होते, तर परराष्ट्र खात्याने प्रवासाचे मंजूर पैसे काढून घेतले. १९२० च्या दशकात याच नावाच्या खात्याने युद्धदोषाचा विभाग चालवला होता, हे आठवल्यावाचून राहत नाही.

फिशर यांच्या पुराव्यात एक अडचण आहे, आणि ती टीकाकारांनी तेव्हाच दाखवली. टिपण ९ सप्टेंबर १९१४ चे आहे. युद्ध सुरू झाल्यावर महिन्याने काय हवेसे वाटले, त्यावरून जुलैत काय हवे होते हे सिद्ध होत नाही. ही हरकत मला मान्य आहे. पण त्या तारखेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

फिशर यांनी माणसे परत आणली. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २०१२ मध्ये ‘द स्लीपवॉकर्स’ लिहून ती पुन्हा धुक्यात नेली. पुस्तक अप्रतिम आहे, हे आधी सांगतो. १९०३ मध्ये बेलग्रेडच्या राजवाड्यात राजा अलेक्झांडर आणि राणी द्रागा यांची हत्या झाली, तिथून ते सुरू होते. सर्बियन लष्करातल्या कटवाल्यांचे, पुढे साराजेव्होच्या पोरांना शस्त्रे पुरवणाऱ्या कर्नल दिमित्रियेविचचे इतके जिवंत चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. एकोणीस वर्षांच्या गाव्ह्रिलो प्रिन्सिपला ‘माथेफिरू’ म्हणून सोडून देणाऱ्या आपल्या पुस्तकांनी ही प्रकरणे जरूर वाचावीत. टकमन यांनी ठेवलेले भोक क्लार्क यांनी भरून काढले. मात्र गुन्हेगार शोधूच नये, ही सर्वांची मिळून झालेली शोकांतिका होती, हा त्यांचा सूर मला पटत नाही. आणि शीर्षक तर मुळीच नाही. झोपेत चालणाऱ्याला शिक्षा होत नाही. परक्या अध्यक्षाचे जहाज किती वाजता सुटते ते विचारून खलित्याची वेळ तासाने पुढे नेणारे लोक झोपेत नव्हते. टेलिफोन मोडायची तयारी ठेवणाराही नव्हता. हे सगळे तपशील क्लार्क यांना ठाऊक आहेत. त्यांच्या पुस्तकाचा पुरावा त्यांच्या शीर्षकाविरुद्ध साक्ष देतो. जर्मनीत त्याचे भाषांतर धडाक्याने खपले. १९२८ प्रमाणेच २०१३ मध्येही ‘सगळेच थोडेथोडे दोषी’ हे ऐकायला कोणीतरी आतुर होते.

*

कारणांचे जे, तेच निर्णायक वळणांचे. मार्न, व्हर्दन, अमेरिकेचा प्रवेश, रशियन क्रांती, १९१८ चा वसंत. वळणांची यादी करणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. रस्त्यावरच्यांना वळण दिसले होते का, हे विचारायला हवे.

९ सप्टेंबर १९१४ या तारखेकडे आता परत येतो. त्या दिवशी चॅन्सेलरच्या टिपणात बेल्जियम, मध्य युरोप, मध्य आफ्रिका अशी वाटणी कागदावर उतरत होती. त्याच दिवशी मार्न नदीवर जर्मन सैन्याची उजवी बगल माघार घेऊ लागली. मोल्टकेने आदल्या दिवशी लेफ्टनंट कर्नल हेंच नावाचा एक अधिकारी मोटारीने आघाडीवर पाठवला होता. दोन सैन्यांमध्ये पडलेली फट पाहून त्याने माघारीला संमती दिली. सहा आठवड्यांत फ्रान्स संपवायचा जर्मन बेत तिथे संपला. पॅरिसच्या टॅक्सींनी सैनिक वाहून नेले ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. हेंचच्या मोटारीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. विजयाचा हिशेब आणि माघारीचा हुकूम एकाच दिवशी निघाले, आणि पहिल्याच्या कर्त्यांना दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

शेवटाकडचे वळण तर सरळ राजकारणच आहे. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँजवळ जर्मन फळी फुटली, आणि लुडेनडॉर्फने आठवणींत तो आपल्या सेनेचा काळा दिवस ठरवला. तरी युद्धविराम मागा असा हट्ट त्याने धरला तो सप्टेंबरच्या अखेरीस, बल्गेरिया कोसळत असताना. २९ सप्टेंबरला बल्गेरियाने सालोनिका आघाडीवर युद्धविरामावर सही केली आणि दक्षिणेचे दार उघडे पडले. वळणांच्या याद्यांत सालोनिका क्वचितच दिसते. लुडेनडॉर्फने तेव्हा आणखी एक गोष्ट केली : युद्धविराम मागण्याचे काम नागरी मंत्र्यांकडे ढकलले. पाठीत खंजीर खुपसल्याची पुढची सारी कहाणी त्यातून उगवली. युद्ध कोठे हरले हे ठरवणे म्हणजे ते कोणी हरले हे ठरवणे होते.

आणि आपले वळण? ६ नोव्हेंबर १९१४ ला शत्-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे हिंदी फौज उतरली. ती सहाव्या डिव्हिजनची, म्हणजे पुणे डिव्हिजनची, तुकडी होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी याच डिव्हिजनमध्ये होत्या. शत्-अल-अरबवरच, आबादानला, अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. तिच्यात ब्रिटिश सरकारने मोठा हिस्सा घेण्याला पार्लमेंटने संमती दिली ती जून १९१४ मध्ये, साराजेव्होच्या थोडेच दिवस आधी. युद्ध का झाले याचे उत्तर साम्राज्यवादात मिळत नाही असे मी वर म्हटले. पण सातारा-रत्नागिरीचा शिपाई बसऱ्याला का गेला, याचे उत्तर दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

बगदाद घ्यायच्या लोभाने ही फौज पुरेशा बोटी आणि दवाखाने नसताना टायग्रिस नदीने वर वर ढकलली गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला ती अडली, मागे फिरली आणि डिसेंबरात कुतला वेढली गेली. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले. आत अन्न संपत आले. घोड्याचे मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने सुमारे १३,००० माणसांसह शरणागती पत्करली. टाउनशेंड कैदेतही इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले, आणि त्यांतले हजारो परतले नाहीत. त्याच आठवड्यात बेळगावात टिळकांचा होमरूल लीग स्थापन होत होता.

युरोपच्या याद्यांत कुत बसत नाही. तिथल्या पराभवाने कोणतीच आघाडी निर्णायकपणे हलली नाही. पण १९१७ मध्ये मेसोपोटेमिया चौकशी समितीचा अहवाल आला. हिंदुस्थान सरकारची बेपर्वाई त्यात उघडी पडली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्या जागी मॉंटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. कुतपासून माँटेग्यूपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह मला होतो. तो आवरायला हवा, कारण घोषणेच्या मसुद्यावर चेंबरलेन यांच्याच काळात सिमला आणि लंडन यांच्यात पत्रव्यवहार चालू होता. मसुदा आधीच तयार होत होता. तो जाहीर करणारा माणूस कुतमुळे बदलला. यापेक्षा जास्त मी म्हणणार नाही.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांच्या कबरी नाहीत अशांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. १९२९ मध्ये, म्हणजे फे यांचे खंड निघाले त्याच्या पुढच्या वर्षी, त्याचे अनावरण झाले. ब्रिटिश सैनिकांची नावे भिंतीवर कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांसाठी प्रत्येक पलटणीच्या नावाखाली फक्त एक आकडा आहे.